ज्याचा माल, त्याला जाब विचारा

मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय),
नवी दिल्ली.



मी लखनौत राहते आणि दुकानदारांचे जाहिरातीचे एसएमएस पाठवण्याचे काम करते. अमीनाबादचे कापडवाले, चौकातले चिकनच्या भरतकामाचे ठोक व्यापारी, अलीगंजमधल्या एकदोन पॅथॉलॉजी लॅब आणि सराफ्यात सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा करणारी, सांगली जिल्ह्यातून इकडे येऊन स्थिरावलेली काही घरे, ही माझी गिऱ्हाइके. त्यांचे संदेश ट्रायच्या नियमांत बसवून पाठवणे हाच माझा व्यवसाय. नकोशा फोनांना वैतागलेल्या ग्राहकांची पत्रे आपल्याकडे पुष्कळ येत असतील. हे पत्र नियम पाळणाऱ्या बाजूचे आहे. नियम न पाळणाऱ्यांचे काहीच कसे बिघडत नाही, हे या बाजूला बसून फार जवळून दिसते.

माझे मागणे थोडक्यात असे: ज्याच्या मालाची जाहिरात होते त्याला धरा. फोनचा नंबर कापून थांबू नका.

हे पत्र लखनौचे असले तरी गोष्ट एका शहराची नाही. पुण्यामुंबईच्या वाचकांनी पुढे सुलतानपूर रोड आला की तिथे पनवेल किंवा कर्जत वाचावे, बाकी मजकूर बदलावा लागणार नाही.

आधी नियम पाळणारा काय काय करतो ते सांगते, कारण बाहेरच्यांना याची कल्पना नसते. चौकातल्या एका चिकनच्या दुकानाला ईदच्या आधी सवलतीचा संदेश पाठवायचा आहे असे धरा. दुकानदाराला आधी एखाद्या दूरसंचार कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर नोंद करावी लागते. पॅन, जीएसटी, सहीशिक्क्याचे अधिकारपत्र आणि फी, एवढे दिले की तो ‘प्रिन्सिपल एंटिटी’ होतो. डीएलटी म्हणजे सगळ्या कंपन्यांना दिसणारी सामाईक खतावणी. २०१८च्या नियमांनी ती आणली. मग हेडर घ्यायचा, म्हणजे संदेश ज्या नावाने किंवा आकड्याने दिसेल तो. मग टेम्पलेट, म्हणजे मजकुराचा साचा, मंजूर करून घ्यायचा: ‘प्रिय ग्राहक, अमुक तारखेपासून चिकनच्या कुर्त्यांवर अमुक टक्के सूट.’ तारीख आणि टक्के या मोकळ्या जागा, बाकी शब्द बांधलेले. आयत्या वेळी दुकानदाराला वाटले की शेवटी ‘ईद मुबारक’ जोडावे, तर साच्याशी मजकूर जुळत नाही आणि संदेश स्क्रबिंगमध्ये, म्हणजे पाठवण्याआधीच्या छाननीत, अडकतो. शब्द जुळले तरी ग्राहकाने १९०९ या क्रमांकावर कळवून त्या प्रकारच्या जाहिराती बंद केल्या असतील आणि दुकानाला वेगळी संमती दिलेली नसेल, तर त्याचा नंबर गाळला जातो. रात्री नऊनंतर काही जात नाही. संदेशात दुकानाच्या वेबसाइटचा दुवा असेल तर तोही आधी नोंदवलेला लागतो. १ ऑक्टोबर २०२४पासून न नोंदवलेला दुवा असलेला संदेश पुढे सरकतच नाही. डिसेंबर २०२४पासून दुकानदारापासून ग्राहकाच्या फोनपर्यंतची साखळी, मधल्या प्रत्येक टेलीमार्केटरसकट, नोंदलेली असावी लागते.

इतके झाल्यावर संदेश पोचतो तेव्हा त्याच्या माथ्यावरच त्याची ओळख लिहिलेली असते. पहिले अक्षर कंपनीचे, दुसरे दूरसंचार मंडळाचे. आमच्या पूर्व उत्तर प्रदेशाला ‘ई’, महाराष्ट्राला ‘झेड’. आणि फेब्रुवारी २०२५च्या दुरुस्तीनंतर शेवटी प्रकाराचे अक्षर: जाहिरात असेल तर ‘पी’, सेवेचा संदेश असेल तर ‘एस’, व्यवहाराचा ‘टी’, सरकारी ‘जी’. मला ही अक्षरे फार आवडतात. आमच्या शेजारच्या आजींना मी ती वाचायला शिकवली आहेत. ‘पी’ दिसला की त्या न उघडता पुसून टाकतात. माझ्या गिऱ्हाइकांचे यात नुकसान आहे, तरी मला हे योग्य वाटते. आपण कोण आणि कशासाठी आलो हे दारातच सांगणाऱ्याला घरात घ्यायचे की नाही, ते घरातल्या माणसाने ठरवावे.

चौकातला तो दुकानदार गल्ल्याशेजारी एक वही ठेवतो. कुर्ता बांधून देताना विचारतो, नवा माल आला की कळवू का? हो म्हटले तर नंबर आणि सही. नाही म्हटले तर वही मिटते. त्या वहीतले नंबर थोडे आहेत, पण त्यावर गेलेल्या संदेशाने खरोखर माणसे दुकानात येतात.

आता दुसरी बाजू. त्याच दिवशी, त्याच ग्राहकाच्या फोनवर दहा आकडी साध्या मोबाइलवरून संदेश येतो: सुलतानपूर रोडला प्लॉट, हप्त्यावर, रजिस्ट्री आणि दाखिल-खारिज (म्हणजे फेरफार) लगेच. अर्ध्या तासाने दुसऱ्या दहा आकडी नंबरवरून फोन येतो. या संदेशाला हेडर नाही, साचा नाही, कोणत्या पोर्टलवर नोंद नाही, ‘पी’ नाही. फोन-संदेश नको म्हणणाऱ्यांची, म्हणजे डीएनडीची, यादी इथे कोणी उघडून बघत नाही. नंबर कुठून मिळाले? गोमतीनगर, इंदिरानगर, आशियाना अशा वस्त्यांप्रमाणे लावलेल्या एक्सेल याद्या बाजारात विकल्या जातात. मलाही त्या विकायला माणसे आली आहेत. दुकानात बिलासाठी दिलेला नंबर, गाडीच्या सर्व्हिसिंगला दिलेला नंबर, मुलाच्या कोचिंगच्या चौकशीला दिलेला नंबर त्यांत असतो. ज्या कामासाठी तो दिला होता त्याच्याशी प्लॉटचा काही संबंध नसतो.

फोन करणारी बहुधा विशी-बाविशीची मुलगी असते. तिला महिन्याचा पगार आहे, रोज इतके फोन झालेच पाहिजेत असा हिशेब आहे आणि हातात दिलेले सिम आहे. पलीकडून शिव्या तिला बसतात. तक्रार झाली तर सिम तिचे बंद होते. दुसऱ्या दिवशी तिला नवे सिम मिळते. ज्याचे प्लॉट विकायचे आहेत त्याच्या ऑफिसातला फोन एकदाही बंद पडत नाही.

ट्रायने काही केले नाही असे मी म्हणणार नाही. २००७मध्ये फोन नको असणाऱ्यांची यादी सुरू झाली, २०१०चे नियम २०११मध्ये लागू झाले, २०१८मध्ये डीएलटी आली. १३ ऑगस्ट २०२४ला आपण सक्त आदेश काढला की नोंदणी न करता जाहिरातीचे फोन करणाऱ्यांची सगळी जोडणी तोडा आणि त्यांना काळ्या यादीत टाका. त्याचा उपयोग झाला. नोंदणी नसलेल्यांविरुद्धच्या तक्रारी त्या ऑगस्टमध्ये १ लाख ८९ हजारांवर होत्या, त्या जानेवारी २०२५मध्ये १ लाख ३५ हजारांच्या आत आल्या. मग फेब्रुवारीतली दुरुस्ती. तक्रारीला तीनऐवजी सात दिवसांची मुदत, कारवाईला तीसऐवजी पाच दिवस. पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी झाल्या की हालचाल व्हायची, आता दहा दिवसांत पाच पुरतात. पहिल्या गुन्ह्याला पंधरा दिवस बाहेर फोन बंद, पुन्हा केले तर वर्षभर सगळी जोडणी बंद. डीएनडीत नाव नसलेल्या माणसालाही अशा नंबरविरुद्ध तक्रार करता येऊ लागली. या प्रत्येक पावलाबद्दल मी मनापासून आभार मानते.

पण त्याच वेळी आपण दिलेले दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. फेब्रुवारी २०२५पर्यंत १८ लाख ८० हजारांहून अधिक नंबर आणि जोडण्या तोडल्या गेल्या. काळ्या यादीत गेलेल्या संस्था आणि व्यक्ती १,१५०च्या थोड्या वर. म्हणजे एका नावामागे सोळाशेवर नंबर. एवढे नंबर कोणी हौसेने घेत नाही. कापले जातील हे धरूनच घेतले जातात, त्यांचा खर्च जाहिरातीच्या खर्चात आधीच मांडलेला असतो. नंबर किती तोडले यापेक्षा त्यांच्या मागची नावे किती सापडली, हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो, आणि तो फार लहान आहे.

आणि कायदा तोकडा आहे असेही नाही. २०१८च्या नियमांत ‘सेंडर’ कोण, याची व्याख्या आहे. ज्याचा नंबर किंवा हेडर तो सेंडर, हे तर आलेच. ज्याने पाठवला किंवा पाठवायला लावला तोही आला. आणि ज्याच्या वस्तूची किंवा सेवेची जाहिरात झाली तोही सेंडरच धरला आहे, त्याच्या नकळत कोणी केले असेल तेवढा अपवाद सोडून. म्हणजे सुलतानपूर रोडचा बिल्डर आपल्याच नियमाने सेंडर आहे. सेंडरची सगळी जोडणी बंद करायचा अधिकार आहे तर त्याच्या ऑफिसच्या लाइनी, विक्रीकेंद्राचे नंबर, त्याचा नोंदलेला हेडर, सगळेच त्यात येते. एकदा असे झाले तर त्या मुलीच्या हातात दुसरे सिम द्यायला कोणी धजावणार नाही.

तक्रारीची पद्धत मात्र नंबराभोवतीच फिरते. १९०९ला नंबर, तारीख आणि थोडक्यात मजकूर कळवायचा असतो. जाहिरात कोणाच्या मालाची होती, हा प्रश्न तिथे ठळकपणे विचारला पाहिजे. प्रकल्पाचे नाव, कोचिंगचे नाव, दवाखान्याचे नाव. ग्राहकाला ते माहीत असते, कारण ते सांगण्यासाठीच तर फोन आलेला असतो. पाच तक्रारी एका नंबरवर मोजण्याऐवजी एका प्रकल्पावर मोजल्या, तर वीस सिम फिरवणारा पहिल्याच आठवड्यात सापडेल. आज वीस सिमांवर चार-चार तक्रारी झाल्या तर ऐंशी माणसे त्रासूनही कोणत्याच सिमच्या पाच भरत नाहीत.

बिल्डर म्हणेल, एजंटाने परस्पर केले, आम्हाला माहीत नाही. या उत्तरावरचा उपाय आमच्याच शहरात आहे. उत्तर प्रदेश स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे रेराचे, मुख्यालय लखनौत आहे. २०१६च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम ३प्रमाणे, पाचशे चौरस मीटर किंवा आठ घरांच्या वरच्या प्रकल्पाची नोंदणीआधी जाहिरातच करता येत नाही. केली तर प्रकल्पखर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड आहे. कलम ९प्रमाणे एजंटालाही नोंदणी लागते, आणि कलम १०प्रमाणे त्याला नोंदणी नसलेला प्रकल्प विकता येत नाही. तेव्हा प्लॉटच्या प्रत्येक संदेशाला दोनच वाटा आहेत. प्रकल्प नोंदलेला असेल तर त्याचा मालक आणि एजंट रेराच्या दप्तरात नावपत्त्यासह आहेत. नोंदलेला नसेल तर ती जाहिरात मुळातच बेकायदा आहे. दोन्ही वाटांनी नाव हाती लागते. ट्रायकडे आलेली प्लॉटची तक्रार रेराकडे गेली पाहिजे, आणि रेराने प्रवर्तकाला विचारले पाहिजे की हा एजंट तुमचा आहे की नाही, लेखी सांगा. रिझर्व्ह बँक, सेबी, विमा प्राधिकरण यांच्याबरोबर आपली नियामकांची संयुक्त समिती आहेच. राज्यांच्या रेरा संस्थांना त्याच टेबलाशी बसवा. उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्र या दोघांपासून सुरुवात केली तरी पुष्कळ झाले.

‘डीलरने केले, आमचा संबंध नाही’ हे उत्तर अमेरिकेत डिश नेटवर्क या मोठ्या टीव्ही कंपनीनेही देऊन पाहिले होते. तिच्या एका विक्रेत्याने, फोन नको म्हणून नाव नोंदवलेल्या लोकांना एकावन्न हजारांवर फोन केले होते. २०१७मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या ज्यूरीने डिशलाच जबाबदार धरले, प्रत्येक फोनमागे ४०० डॉलर लावले आणि रक्कम दोन कोटी डॉलरांवर गेली. कंपनीने जाणूनबुजून दुर्लक्ष केले असे म्हणून न्यायाधीशांनी ती तिप्पट केली. वरच्या न्यायालयातही निकाल टिकला. तिथला १९९१चा कायदा सामान्य माणसाला स्वतः दावा लावू देतो. आपल्याकडे ग्राहकाच्या हातात तक्रारीपलीकडे फारसे काही नाही. तसा हक्क देणे ट्रायच्या एकट्याच्या हातात नाही हे मला कळते. नाव धरण्याचे काम मात्र आपल्या हातात आहे.

नाव जाहीर करण्यात किती बळ असते हे आपण स्वतः एकदा दाखवून दिले आहे. ८ मार्च २०२१ला मजकुराचे स्क्रबिंग सुरू झाले आणि देशभर ओटीपी अडकले. बँकांचे व्यवहार खोळंबले, लसीकरणाच्या नोंदणीचे संदेश पोचेनात. दुसऱ्याच दिवशी ट्रायला सात दिवसांची स्थगिती द्यावी लागली. माझ्यासारख्या लहान माणसांनी त्याआधी रात्री जागून गिऱ्हाइकांचे साचे भरले होते. मोठमोठ्या बँकांनी ते केले नव्हते. त्याच महिन्याच्या शेवटी आपण नियम न पाळणाऱ्या चाळीस संस्थांची यादी प्रसिद्ध केली आणि मार्चअखेरची मुदत दिली. वर्षानुवर्षे पत्रांनी झाले नव्हते ते काम मग मार्गी लागले. मग आता, ज्यांच्या मालासाठी नोंदणीबाहेरचे फोन होतात त्यांची यादी दर महिन्याला, मंडळवार का प्रसिद्ध होऊ नये? पूर्व उत्तर प्रदेशाची यादी लखनौच्या हिंदी वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर छापली जाईल याबद्दल मला शंका नाही.

संमतीबद्दलही दोन शब्द. आज ज्याने १९०९वर काहीच कळवलेले नाही त्याचे मौन म्हणजे जाहिरातीला परवानगी, असे धरून सगळा कारभार चालतो. ही रचना उलटी केली पाहिजे. जून २०२३मध्ये आपण १२७ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून संमती मागायची आणि ती खतावणीत नोंदवायची पद्धत सांगितली, जून २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेबरोबर काही बँकांपुरता त्याचा प्रयोग सुरू केला. ही वाट बरोबर आहे. चौकातल्या दुकानदाराची वही त्याच खतावणीत स्वस्तात आणि सोप्या रीतीने जाईल असे करा, म्हणजे विचारून पाठवणाऱ्याला काही लाभ राहील. एकदा नको म्हटल्यावर नव्वद दिवस पुन्हा संमती मागता येणार नाही, हा नियम तर मी दुकानदारांना तोंडपाठ करून ठेवायला सांगते.

व्हॉट्सॲपवरच्या जाहिराती आपल्या या नियमांत येत नाहीत, आणि एसएमएसवरून उठलेले बरेच जण तिकडे गेले आहेत. तिथे वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३च्या कायद्याची वाट पाहावी लागेल. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, पण संमतीची मुख्य कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. तोवर तरी दूरसंचारच्या बाजूचे दार नीट बंद व्हावे.

एक गोष्ट राजकीय पक्षांबद्दलही लिहायला हवी. २००४च्या निवडणुकीत पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा ध्वनिमुद्रित आवाज असंख्य घरांतल्या फोनवर ऐकू आला होता. ते आमच्या लखनौचे खासदार होते. त्या वेळी लोकांना त्याचे अप्रूप वाटले. वीस वर्षांनी, मार्च २०२४मध्ये, आचारसंहिता लागल्यावरही व्हॉट्सॲपवर ‘विकसित भारत’चे संदेश जात राहिले, तेव्हा ते थांबवा असे सरकारला सांगायची वेळ निवडणूक आयोगावर आली. आपले नियम व्यापारी संदेशांपुरते आहेत. मत मागणारा फोन त्यांत बसत नाही. मला वाटते, न विचारता वापरलेला नंबर कोणीही वापरला तरी त्रास तोच आहे, आणि दुकानदाराकडून संमतीची वही मागणाऱ्या राज्याने पक्षांकडूनही ती मागावी. आपल्या शिफारशीला सरकारदरबारी वजन आहे, ती आपण करावी.

हे सगळे मला इतके का लागते, तर माणसे आता संदेश उघडेनाशी झाली आहेत. लॅबचा रिपोर्ट तयार आहे हा संदेश लॅबच्या एका ग्राहकाने पाहिलाच नाही, कारण त्याला वाटले की पुन्हा प्लॉटवालाच असेल. अनोळखी नंबर उचलायचाच नाही असे घराघरांत ठरले आहे, मग तो दवाखान्यातून आलेला असो की मुलाच्या शाळेतून. बँकांसाठी आपण १६००ची मालिका दिली ती याचसाठी, की निदान काही फोनांवर तरी विश्वास उरावा. पण दहा आकडी नंबरवरून सुलतानपूर रोड विकला जातो आहे तोवर तो विश्वास परत येणार नाही, आणि त्याची किंमत नियम पाळणारा दुकानदार भरत राहील.

तेव्हा, महोदय, तक्रारीच्या अर्जात मालकाच्या नावाचा रकाना घाला, तक्रारी त्या नावावर मोजा, प्लॉटच्या तक्रारी रेराकडे पाठवा आणि नावांची यादी दर महिन्याला छापा. आणि हे पत्र वाचणाऱ्यांना माझी विनंती अशी, की पुढच्या वेळी असा फोन आला तर त्या मुलीवर ओरडू नका. प्रकल्पाचे नाव आणि रेरा नंबर विचारून लिहून घ्या, आणि सात दिवसांच्या आत १९०९ला कळवा.

आपली नम्र,
लखनौतली एक संदेश पाठवणारी